मुलांना स्काउट-गाईडला घालण्याआधी, हे सगळं आलं कुठून ते थोडं

शाळा सुरू झाली की चिठ्ठी येते, स्काउट-गाईडसाठी (मुलगे स्काउट, मुली गाईड) नाव द्यायचंय का, आणि पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न हमखास हाच असतो की हे म्हणजे लहानांचं एनसीसीच ना? तर नाही. एनसीसी 1948 च्या कायद्याने सुरू झालं आणि ते संरक्षण मंत्रालयाखाली येतं, स्काउट-गाईड ही स्वयंसेवी संघटना आहे, सैन्याशी तिचा संबंध नाही. गैरसमज होतो कारण युनिफॉर्म, सॅल्यूट, शिट्टी, आणि मुळात हे सुरू करणारा माणूसच लष्करातला.

बेडन-पॉवेल हा ब्रिटिश अधिकारी. दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगला 1899-1900 मध्ये 217 दिवस वेढा पडला होता, तेव्हा तिथली पोरं निरोप पोचवायची कामं करत होती, ते त्याने पाहिलं. मग 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर त्याने साधारण वीस मुलांचा कॅम्प घेतला, काही श्रीमंत घरातली काही कामगारांच्या घरातली, सगळी मिसळून चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीला त्यांच्यातलाच एक मुलगा नायक दिला. मला विचाराल तर सगळं स्काउटिंग या एका गोष्टीत आहे. आपल्याकडे त्या तुकडीला संघ म्हणतात, सहा ते आठ मुलांचा, आणि संघनायक मुलगाच असतो, सर नाही. तंबू कसा ठोकायचा, स्वयंपाक कोण करणार, गाठ कोणती मारायची हे मुलांनीच ठरवायचं, चुकायचं, परत करायचं.

भारतात 1909 ला बंगळुरूमध्ये पहिलं पथक निघालं, पण ते इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. जबलपूरला 1911 मध्ये गाईड्सची पहिली तुकडी निघाली. आपल्या मुलांना मात्र दार बंद, सरकारला भीती होती की ही पोरं उद्या क्रांतिकारक होतील. हे वाचताना मला अजून राग येतो, कारण मुलांना विश्वासाने जबाबदारी द्यायची ही ज्यांची शिकवण, त्यांनीच निम्म्याहून जास्त मुलांवर विश्वास ठेवला नाही. मग लोकांनी स्वतःच केलं. मध्य प्रांतात विवियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम सुरू केलं (हे पुढे नागपूर हायकोर्टात आणि मग सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाले), मद्रासला 1916 मध्ये अॅनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली, अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. नंतर दारं उघडली, काही संघटना एकत्रही आल्या, पण 1937 च्या सुमारास बेडन-पॉवेल भारतीयांबद्दल जे अपमानास्पद बोलला त्याने परत भडका उडाला आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन वेगळी झाली. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 ला सगळे एकत्र येऊन भारत स्काउट्स अँड गाईड्स झालं, 15 ऑगस्ट 1951 ला मुलींची गाईड संघटनाही आली.

या इतिहासाचा आजच्या पालकाशी संबंध काय, तर आपल्याकडे ही चळवळ मुख्यतः शाळांमधून वाढली, म्हणजे तुमच्या मुलाचा स्काउटमास्टर बहुतेक वेळा त्याचे वर्गशिक्षक किंवा पीटीचे सरच असतात. ते मनापासून करणारे असले तर मूल बदलून जातं. नाहीतर आमच्या शाळेत झालं तसं, 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला स्कार्फ घालून उभं राहायचं, पाहुण्यांना सलामी द्यायची, संपलं, मला पाच वर्षांत एक रात्र तंबूत झोपायला मिळाली नाही. म्हणून युनिफॉर्म घ्यायच्या आधी विचारा की सरांनी बेसिक कोर्स केलाय का, हिमालय वुड बॅज (स्काउटमास्टरांचं पुढच्या पातळीचं प्रशिक्षण) झालाय का, वर्षात मुक्कामी कॅम्प किती होतात, आणि जमलं तर एखाद्या बैठकीला कडेला बसून बघा संघनायक बोलतोय का फक्त सरच बोलतायत.

सर्टिफिकेटचं पण सांगते. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार, अशा पायऱ्या आहेत, त्याला वर्षं लागतात, दहावीच्या वर्षी घाईने काही होत नाही. रेल्वेत स्काउट-गाईड कोट्यातून भरती निघते हे खरं आहे, पण दहा वर्षांच्या पोराला त्यासाठी घालू नका प्लीज.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सुरक्षितता. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांमुळे अमेरिकेतली बॉय स्काउट्स संघटना 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्यात 82,000 हून जास्त दावे आले, तिकडच्या मराठी घरांतली मुलं आज कब स्काउटला (लहान मुलांच्या स्काउट गटाला) जातात त्यांच्या आईबाबांना हे माहितीच आहे. तिथे नियम आहे की कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा नसणार, कायम किमान दोन मोठी माणसं. तुमच्या शाळेत कॅम्पला हे पाळतात का ते सरळ विचारा, मुलींबरोबर मुक्कामाला गाईड कॅप्टन (गाईडच्या पथकाच्या प्रमुख) बाई असणार का, झोपायची सोय वेगळी आहे का, रात्री मुलीला घरी फोन करायचा असेल तर कुणाच्या फोनवरून करेल. यावर कुणी चिडलं, तर त्या कॅम्पला पाठवू नका.