ऑस्ट्रेलियन गुन्हेकथा : वाचन आणि परीक्षण

ऑस्ट्रेलियात घडणाऱ्या आणि बहुतांशी तिथल्याच लेखकांनी लिहिलेल्या, गुन्हा व त्याचा छडा यांभोवती फिरणाऱ्या कथा-कादंबऱ्यांना ऑस्ट्रेलियन गुन्हेकथा म्हणतात. तिचा इतिहास निदान १८६५ पर्यंत मागे जातो. जगभर बोलबाला मात्र गेल्या वीसेक वर्षांतला. या साहित्यात जमीन आणि अंतर कथानकाला चालवतात. पुरावा कुठे टिकतो, साक्षीदार किती उशिरा मिळतो, मदत केव्हा पोचते, हे बऱ्याचदा त्यांच्यावरच ठरते. त्यामुळे वाचणाऱ्याने आणि परीक्षण लिहिणाऱ्याने तिथला भूगोल आधी समजून घ्यावा लागतो. नाहीतर चांगली कादंबरी ‘वातावरणनिर्मिती छान’ एवढ्यावर उरकली जाते आणि सुमार कादंबरी लाल मातीच्या वर्णनावर तरून जाते.

पूर्वपीठिका

एलन डेविट यांची ‘फोर्स अँड फ्रॉड’ ही कादंबरी १८६५ मध्ये मेलबर्नच्या ‘ऑस्ट्रेलियन जर्नल’मध्ये क्रमशः छापली गेली. ऑस्ट्रेलियातली पहिली खुनाची रहस्यकथा म्हणून आज तिचाच उल्लेख होतो. त्याच नियतकालिकात मेरी फॉर्च्युन यांनी १८६८ पासून चाळीस वर्षे ‘द डिटेक्टिव्हज अल्बम’ ही मालिका चालवली आणि पाचशेहून अधिक कथा लिहिल्या. कथांखाली फक्त ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ अशी आद्याक्षरे असत. व्हिक्टोरिया राज्यातल्या सोन्याच्या खाणींवर त्या राहिल्या होत्या, एका घोडेस्वार पोलिसाशी त्यांचे लग्न झाले होते. तंबूंच्या वस्तीतला तपास त्यांच्या कथांत इतका खरा उतरतो तो त्यामुळे.

फर्गस ह्यूम यांची ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ १८८६ मध्ये मेलबर्नला निघाली. लेखकाने ती पदरमोड करून छापली आणि हक्क अवघ्या ५० पौंडांना विकून टाकले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये आवृत्ती निघाली आणि पुस्तकाचा लाखांनी खप झाला. पैसा दुसऱ्यांच्या खिशात गेला. शेरलॉक होम्सची पहिली कथा छापून आली ती यानंतर, १८८७ मध्ये. ह्यूम यांनी गुन्ह्यासाठी निवडलेले वाहन बघण्यासारखे आहे. हॅन्सम कॅब म्हणजे दोन चाकांची घोडागाडी. तिचा गाडीवान पुढे बसत नाही, प्रवाशांच्या मागे उंच बैठकीवर बसतो आणि छतावरून लगाम धरतो. आत कोण काय करते आहे ते त्याला दिसत नाही. दारूच्या नशेतला एक माणूस आणि त्याला आधार देणारा दुसरा असे दोघे गाडीत बसतात, दुसरा वाटेत उतरून जातो, आणि पहिला मेला आहे हे गाडीवानाला नंतर कळते. गाडीच्या रचनेतूनच रहस्य उभे राहते.

अपफील्ड आणि एका अंगठीची गोष्ट

आर्थर अपफील्ड (१८९०–१९६४) इंग्लंडमध्ये जन्मले, तरुणपणी ऑस्ट्रेलियात आले आणि अनेक वर्षे मिळेल ते काम करत आतल्या भागात फिरले. पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांना अडवण्यासाठी १८०० किलोमीटरांहून लांब कुंपण घातलेले आहे. त्याची देखभाल करण्याचे कामही त्यांनी केले. तिथे असताना, १९२९ मध्ये, त्यांना कादंबरीसाठी एक युक्ती हवी होती : मृतदेह अजिबात सापडणार नाही असा नाहीसा कसा करायचा? सहकाऱ्यांच्या गप्पांतून उत्तर निघाले. प्रेत जाळायचे, राख चाळून हाडांचे तुकडे आणि धातू वेगळे काढायचे, हाडे कुटायची, धातू आम्लात विरघळवायचा. या गप्पा माहीत असलेल्यांपैकी स्नोई रोल्स या माणसाने ती युक्ती खरोखर वापरली. तीन माणसे बेपत्ता झाली. रोल्सने शेवटची पायरी मात्र गाळली. त्यांतल्या लुई कॅरनच्या प्रकरणात राखेत लग्नाची अंगठी सापडली. तिच्यावरच्या झाळलेल्या सांध्यावरून ती कॅरनचीच असल्याचे पटवता आले. अपफील्ड यांना न्यायालयात साक्ष द्यावी लागली आणि १९३२ मध्ये रोल्सला फाशी झाली. हीच युक्ती असलेली ‘द सँड्स ऑफ विंडी’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

अपफील्ड यांचा नायक इन्स्पेक्टर नेपोलियन बोनापार्ट ऊर्फ बोनी. आई ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी, वडील गोरे. माग काढण्याचे त्याचे कसब, मुंग्यांच्या वारुळापासून वाऱ्याने पुसलेल्या पावलापर्यंत सगळ्याचे बारीक निरीक्षण, हे अजूनही वाचनीय आहे. पण ‘रक्ता’वरून स्वभाव ठरवण्याची जी भाषा या पुस्तकांत पानोपानी येते, ती त्या काळची होती म्हणून सोडून देता येत नाही. परीक्षणात दोन्ही गोष्टी लिहाव्यात. एकीखाली दुसरी दडपू नये. ॲबोरिजिनल लेखकांनी स्वतः लिहिलेल्या गुन्हेकथाही आहेत : फिलिप मॅकलॅरन यांची ‘स्क्रीम ब्लॅक मर्डर’ (१९९५) आणि निकोल वॉटसन यांची ‘द बाउंडरी’ (२०११). बोनीनंतर यांतले एक तरी वाचावे. पोलीस ठाण्याकडे बघण्याची नजरच तिथे वेगळी आहे. त्यामागे १९८७ ते १९९१ या काळात कोठडीतल्या ॲबोरिजिनल मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाची पार्श्वभूमी आहे; त्या आयोगाने ३३९ शिफारशी केल्या.

शहर, मग पुन्हा गाव

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी स्वस्त मासिकांच्या आयातीवर निर्बंध आले आणि सिडनीत तसल्याच पुस्तकांचा कारखाना सुरू झाला. त्यांतल्या पुष्कळ कथा अमेरिकेत घडत, लिहिणारे मात्र सिडनीचे. पीटर कॉरिस यांनी १९८० मध्ये ‘द डाइंग ट्रेड’ लिहून खासगी गुप्तहेर क्लिफ हार्डीला सिडनीच्याच रस्त्यांवर उतरवले आणि ही मालिका २०१७ पर्यंत चालवली. केरी ग्रीनवुड यांनी १९८९ पासून गुप्तहेर फ्रायनी फिशरच्या रूपाने १९२० च्या दशकातले मेलबर्न उभे केले.

पीटर टेंपल यांच्या ‘द ब्रोकन शोअर’ला (२००५) ब्रिटनच्या गुन्हेकथालेखक संघटनेचा सर्वोच्च डॅगर पुरस्कार २००७ मध्ये मिळाला, तर ‘ट्रुथ’ला २०१० मध्ये माइल्स फ्रँकलिन पुरस्कार. हा दुसरा पुरस्कार देशातला सर्वांत मानाचा साहित्यपुरस्कार आहे आणि तो पोलीसकथेला मिळणे ही मोठी गोष्ट होती. टेंपल वाचताना पहिली पन्नास पाने जड जातात. त्यांची पात्रे अर्धी वाक्ये बोलतात, कर्ता गाळतात, उत्तराऐवजी गप्प बसतात. एक पान मोठ्याने वाचून पाहावे, लय लगेच सापडते. ‘द ब्रोकन शोअर’च्या अमेरिकी आवृत्तीत ऑस्ट्रेलियन शब्दांची सूची जोडावी लागली, एवढी ती भाषा स्थानिक आहे.

जेन हार्पर यांच्या ‘द ड्राय’पासून (२०१६) ग्रामीण गुन्हेकथेची लाट आली. क्रिस हॅमर यांची ‘स्क्रबलँड्स’ (२०१८) त्याच लाटेतली. गॅरी डिशर हे काम आधीपासून करत होते. ‘बिटर वॉश रोड’मधला (२०१३) हर्श हा दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एकट्या पोलिसाच्या ठाण्यावर आहे. गॉयडर रेषेच्या आसपासचा हा प्रदेश. जॉर्ज गॉयडर यांनी १८६५ मध्ये नकाशावर ही रेषा आखली. तिच्या उत्तरेला शेतीपुरता पाऊस भरवशाचा नाही असा तिचा अर्थ. तरीही लोकांनी पलीकडे गहू पेरला, आणि त्यांची ओसाड दगडी घरे आजही तिथे उभी दिसतात. डिशर यांच्या कादंबरीत खुनाइतकीच जागा हर्शच्या रोजच्या फेरीला मिळते : एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस, मेंढ्यांची चोरी, हरवलेला कुत्रा. ही फेरी कंटाळवाणी वाटली तर पुस्तक हातातून निसटले असे समजावे, कारण सगळे धागे तिथेच पेरलेले असतात.

वाचताना अडणाऱ्या गोष्टी

ऋतू उलटे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी कडक उन्हाळा, जुलैत थंडी. सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे ‘उत्तरेकडची खिडकी’ म्हणजे उन्हाची खिडकी. क्वीन्सलंड, नॉर्दर्न टेरिटरी आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात करतात. सीमेवरच्या गावातला खून असेल तर हा तासाभराचा फरक एखाद्याची साक्ष उभी करतो किंवा पाडतो.

शब्दही चकवतात. ‘स्टेशन’ म्हणजे गुरामेंढ्यांचा अफाट फार्म, रेल्वेचा संबंध नाही. ‘पॅडॉक’ कुंपण घातलेले कुठलेही शेत, शेकडो एकरांचेसुद्धा. शेतावरचा ‘डॅम’ म्हणजे आपले शेततळे. भाषांतरात तिथे ‘धरण’ लिहिले की मृतदेह भलत्याच पाण्यात जातो. ‘यूट’ मागे उघडा हौदा असलेली गाडी. गावाकडे ‘टी’ म्हणजे बहुधा संध्याकाळचे जेवण, तेव्हा ‘टीनंतर तो बाहेर पडला’ याचा अर्थ चार वाजता नव्हे, सात वाजता. ‘मेट’ला एकच मराठी शब्द पुरत नाही. तो कधी ‘गड्या’ असतो, कधी सरळ धमकी. मागचापुढचा संवाद पाहूनच ठरवावे.

पोलीस व्यवस्था राज्यवार आहे. एका राज्याचा अधिकारी दुसऱ्या राज्यात आपल्या अधिकारात तपास करत नाही. ‘द ड्राय’चा आरन फॉक तर संघीय पोलिसांच्या आर्थिक गुन्ह्यांच्या बाजूचा माणूस, आपल्या जुन्या गावातल्या खुनांवर त्याचा काहीच अधिकार चालत नाही, म्हणून त्याला स्थानिक सार्जंटच्या आधाराने चालावे लागते. कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. त्याची चौकशी म्हणजे खटला नव्हे. मृत्यू कशाने आणि कसा झाला हे ठरवणे हे तिचे मुख्य काम. फाशी १९६७ नंतर कोणाला झालेली नाही. १९९६ च्या टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथल्या गोळीबाराच्या हत्याकांडानंतर बंदुकांचे कायदे कडक झाले, तेव्हा त्यानंतरच्या काळातल्या कथेत कोणाच्याही कपाटात अर्धस्वयंचलित रायफल निघाली तर लेखकाने तिचा हिशेब द्यायला हवा.

वणव्याच्या धोक्याचे फलकही काळ सांगतात. रस्त्याकडेला अर्धवर्तुळाकार तबकडीवर काटा असतो. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत व्हिक्टोरियात १७३ माणसे गेली आणि त्यानंतर धोक्याच्या पायऱ्या बदलल्या. सप्टेंबर २०२२ पासून देशभर चारच पायऱ्या राहिल्या आणि ‘सिव्हिअर’ हा शब्द गेला. २०२३ मध्ये घडणाऱ्या कथेत तो फलकावर दिसला तर ती चूक धरावी.

परीक्षण लिहिताना

पुस्तक दोनदा चाळावे. पहिल्या वाचनात फक्त तीन गोष्टी टिपायच्या : पात्राचे नाव कोणत्या पानावर प्रथम आले, घटनेचा वार-तारीख-वेळ, आणि दोन ठिकाणांमधले अंतर किंवा प्रवासाचा वेळ. दोन काळांत फिरणारी कथा असेल तर दोन रकाने करावेत. उलगडा कळल्यावर याच टिपणांवरून मागे जाऊन सुगावे तपासायचे : खुनी पहिल्या एक-तृतीयांश भागात दिसला होता का, निर्णायक गोष्ट वाचकासमोर ठेवली होती का, की शेवटच्या तीस पानांत कोणी कबुली देऊन मोकळा झाला. या वर्गातल्या अनेक पुस्तकांचा पाय शेवटीच घसरतो. पंधरा वर्षांपूर्वीचा गुन्हा आणि आजचा गुन्हा एका योगायोगाने जोडला जातो.

सातशे-आठशे शब्दांच्या परीक्षणात कथासार दीडशे-दोनशे शब्दांपुढे जाऊ देऊ नये. पहिल्या पन्नास पानांत उघड होते तेवढेच सांगावे. ‘द ड्राय’चेच पाहा : दुष्काळी गाव, एका कुटुंबातल्या तिघांचे मृतदेह, वाचलेले तान्हे मूल, आणि वीस वर्षांपूर्वी नदीत बुडून मेलेली मुलगी. एवढे सांगता येते. ती नदी आता कोरडी पडली आहे, हेही सांगता येते आणि सांगायला हवेच. नदीच्या पात्राचा तो रिकामा खड्डा पाहून फॉकला बसणारा धक्का म्हणजे जमीन कथेत काम करते याचा स्वच्छ नमुना. गावकरी दुष्काळाने पिचलेले असल्यामुळे घडलेल्या प्रकाराचा एक सोपा अर्थ त्यांना सहज पटतो, इथपर्यंत लिहावे. तो अर्थ खरा की खोटा यावर शब्द काढू नये. ‘शेवटी जबरदस्त कलाटणी आहे’ हेही लिहू नये, कारण वाचक मग ती शोधतच वाचतो.

जमिनीची कसोटी साधी आहे : हीच कथा उचलून इंग्लंडच्या खेड्यात ठेवली तर काय मोडते? काहीच मोडत नसेल तर धूळ आणि कांगारू सजावटीचे आहेत. मोबाइलला रेंज नसणे ही आजकालची आवडती पळवाट. पण दूरवरच्या फार्मवर गाडीत यूएचएफ रेडिओ (बोलण्याचा बिनतारी संच) असतो, अनेकांकडे उपग्रह फोनही असतो. त्यांचे काय झाले हे लेखकाने सांगितले आहे का ते पाहावे. ‘आउटबॅक’ (देशाचा आतला, विरळ वस्तीचा कोरडा भाग) हे लेबलही जपून वापरावे. ‘द ब्रोकन शोअर’ थंड, वादळी समुद्रकिनाऱ्यावर घडते. तिला आउटबॅकची कादंबरी म्हणणे म्हणजे पुस्तक न वाचल्याची कबुलीच.

प्रकाशनापूर्वीची प्रूफ प्रत हाती असेल तर त्यातले उतारे छापील पुस्तकाशी ताडल्याशिवाय देऊ नयेत. नावे, तारखा, कधी अख्खे प्रकरणही बदललेले असते.

पुरस्कार आणि पुस्तके

नेड केली पुरस्कार १९९६ पासून दिले जातात. नाव १८८० मध्ये फाशी गेलेल्या प्रसिद्ध दरोडेखोराचे. एलन डेविट यांच्या नावाचे डेविट पुरस्कार ‘सिस्टर्स इन क्राइम ऑस्ट्रेलिया’ ही संस्था २००१ पासून स्त्रियांनी लिहिलेल्या पुस्तकांना देते. नवीन वाचकाने दोन्हींच्या लघुयाद्या पाहाव्यात. विजेत्यांपेक्षा त्यांत विविधता जास्त सापडते. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी वाचकांना सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर बरीचशी पुस्तके ई-बुक आणि श्राव्य रूपात मिळतात. टेंपलसारख्या लेखकाचे संवाद आधी ऐकून मग वाचले तर बरे.

विकत घेताना शीर्षक तपासावे, कारण अमेरिकी आवृत्त्यांची नावे बदलतात. डिशर यांची ‘बिटर वॉश रोड’ तिथे ‘हेल टू पे’ झाली, अपफील्ड यांची ‘द बराकी मिस्टरी’ झाली ‘द लुअर ऑफ द बुश’, आणि ‘मिस्टर जेलीज बिझनेस’ झाली ‘मर्डर डाउन अंडर’. परीक्षणाच्या माथ्यावर मूळ नाव, मूळ प्रकाशनवर्ष आणि हाती असलेली आवृत्ती ही तिन्ही द्यावीत.