काळं पडलेलं पातं आणि गंजलेलं पातं

खिशातून कार्बन स्टीलचा चाकू काढून मोसंबी चिरायला घेतली की शेजारी बसलेलं कुणीतरी बोलणारच, ‘‘गंजला की हो तुमचा चाकू!’’ आणि ज्याच्या चाकूच्या सांध्यात खरोखर गंज शिरलाय, तो गडी छातीठोकपणे सांगतो, ‘‘गंज नाही, पॅटिना आहे. मुद्दाम ठेवलाय.’’ (पॅटिना म्हणजे वापरून वापरून पात्यावर चढलेला काळपट थर.) या दोघांना वेगवेगळं समजावून सांगायचा आता कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून काढतो.

गंज काय असतो ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. दावणीची साखळी, जुना पत्रा, पावसात बांधावर विसरलेलं खुरपं आपण सगळ्यांनी पाहिलंय. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो, मीठ मिळालं की लवकर चढतो. पुढे चला.

हे सगळं साध्या कार्बन स्टीलबद्दल आहे. ओपिनेलचा कार्बन पात्याचा चाकू (ही मंडळी १८९० पासून फ्रान्समध्ये चाकू करतायत), १०९५ नावाच्या कार्बन स्टीलचे अमेरिकन घडीचे चाकू, किंवा आपल्याकडे लोहाराने ट्रकच्या पाट्यातून घडवून दिलेलं पातं. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, ते असं काळं पडत नाही. खारट ओल बराच वेळ राहिली तर त्यालाही ठिपके पडतात, पण स्टेनलेसवाल्यांनी इथून उठून गेलं तरी चालेल. मला स्वतःला ते पातं कायम नव्यासारखं दिसतं म्हणूनच आवडत नाही.

आता मुद्द्याचं. कैरी, मोसंबी, चिंच, कांदा, डाळिंबाची साल असं काही कापलं की त्यातली आम्लं आणि टॅनिन (तुरटपणा आणणारी द्रव्यं) लोखंडाच्या पृष्ठभागावर काम करतात. तिथे काळा ऑक्साइड आणि लोखंड-टॅनिनची गडद संयुगं मिळून एक अतिशय पातळ थर बसतो. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली मेंदी आणि आवळा सकाळी काळाकुट्ट होतो ना, जवळपास तीच क्रिया. फरक एवढाच की इथे रंग पात्यावर चढतो. हा थर दाट असतो, लोखंडाला चिकटून बसतो आणि खालच्या धातूपर्यंत हवा-पाणी पोचायचा वेग कमी करतो. गंजाची तऱ्हा उलटी. तो ज्या लोखंडापासून होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे फुगतो, भुसभुशीत होतो, सुटून पडतो आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा उघडं करतो. वर ओलही धरून ठेवतो. म्हणून गंज आपला आपण वाढत जातो आणि काळेपणा एका मर्यादेला येऊन थबकतो.

याचा एक फायदा रोज वापरणाऱ्याला लगेच कळतो. कोऱ्या कार्बन पात्यानं सफरचंद किंवा कांदा कापला की फोडींच्या कडा काळपट होतात आणि जिभेला लोखंडाची चव लागते. पातं रुळलं, रंग चढला, की हे बरंच कमी होतं. घरच्या जुन्या विळीचं पातं काळं असतं आणि तिच्यावर चिरलेली भाजी कुणी नाकारत नाही. खिशातल्या चाकूचा काळेपणा तेवढा का खुपतो, हे मला आजवर समजलेलं नाही.

पण खरी फसगत इथेच होते. लोक रंग बघून निकाल देतात: काळं ते चांगलं, तांबडं ते वाईट. अर्धं बरोबर आहे. तांबूस-नारिंगी दिसलं तर तो गंजच, त्यात वाद नाही. पण काळं म्हणजे चांगलंच, असं मुळीच नाही. गंज जुना होऊन खोल उतरला की ठिपका काळा दिसतो आणि त्याच्याखाली खड्डा पडलेला असतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, नख वापरा. पातं उजेडात तिरपं धरा आणि धारेच्या बाजूला न जाता, सपाट भागावरून नख अलगद फिरवा. पॅटिना असेल तर नख काचेवरून गेल्यासारखं जातं. रंग राखाडी, निळसर, कधी जांभळट, पण पृष्ठभाग एकसारखा. गंज असेल तर नख अडखळतं, खरखरतं. मग पांढऱ्या सुती कापडावर तेलाचा थेंब घेऊन घासा. कापड तांबूस झालं तर गंज जिवंत आहे. नुसतं मळकट करडं झालं तर काळजी नाही.

माझ्याकडच्या एका चाकूवर दोन्ही शेजारीशेजारी दिसतात. धारेपासून अर्ध्या पात्यापर्यंत मोसंबीच्या रसाचा निळसर ढग आहे, गुळगुळीत. वर उघडायला नखाची जी खाच असते, तिच्या कोपऱ्यात मोहरीएवढा तांबडा ठिपका. कापड त्या कोपऱ्यात पोचतच नाही, म्हणून ओल तिथे बसते. दुसरी जागा म्हणजे सांधा. घडी घातल्यावर पातं जिथे मुठीत जातं, तिथे खिशातला बोळा, फळाचा रस आणि घाम एकत्र येतात. उघड्या पात्यावर पॅटिना कितीही सुंदर चढला तरी सांध्याला त्याचा काही उपयोग नाही. चाकू उघडताना खिळ्याच्या कडेनं तपकिरी तेल पाझरलं, तर बाहेरच्या रंगाचं कौतुक बाजूला ठेवा आणि आधी आतली सफाई करा.

यावरून माझे काही जुने राग. तारेच्या घासणीनं पातं चकाचक करणारे: चढलेला थर उतरवतात, वर ओरखडे पाडतात आणि त्या ओरखड्यांत ओल थांबते. लिंबानं गंज काढून पातं तसंच ओलं ठेवणारे: लिंबू गंजाबरोबर पॅटिनाही नेतं, आणि कोरं ओलं लोखंड संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतं. व्हिनेगर-मोहरी फासून पात्यावर वाघाचे पट्टे काढणारे: चालतं, बिघडत काही नाही, पण मला ते नवीन जीन्स फाडून घालण्यातलं वाटतं. कैरीच्या मोसमात महिनाभर वापरा, आपोआप येईल. आणि चाकू कायम कातडी म्यानात ठेवणारे: कातडं ओल धरतं. उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत खपून जातं, श्रावणात नाही.

गंज आढळला तर तेल लावून बारीक पॉलिश पेपरनं तेवढाच भाग हलक्या हातानं घासा. सगळं पातं नको.

शेवटी तेलाचं, कारण आपल्याकडे इथे हमखास चूक होते. घरात करडईचं तेल असतं म्हणून तेच सांध्यात सोडतात. करडईचं तेल हवेत सुकतं, चित्रकार ते तैलरंगात वापरतात ते त्याच गुणामुळे. काही आठवड्यांत सांध्यात चिकट राळ होते आणि चाकू उघडायला दोन माणसं लागतात. खोबरेल त्यापेक्षा बरं, पण डिसेंबरच्या थंडीत गोठतं. औषधाच्या दुकानात पोट साफ व्हायला लिक्विड पॅराफिन मिळतं, ते घ्या. सुकत नाही, खवट होत नाही, फळ कापायला अडचण नाही. सांधा आधीच चिकटला असेल तर रॉकेलचे दोन थेंब सोडून चाकू पुन्हा पुन्हा उघडा-मिटा, निघालेला मळ पुसा, पातं साबणानं धुऊन लगेच कोरडं करा आणि मग पॅराफिन. लाकडी मूठ असेल तर चाकू पाण्यात भिजत घालू नका. लाकूड फुगतं आणि पातं पुन्हा अडकतं.