क्रॉफर्ड मार्केट ते मॉल: दुकानांच्या वीजबिलामागची गोष्ट

मुंबईच्या बाजारात वीज पहिल्यांदा आली ती क्रॉफर्ड मार्केटात, १८८२ साली. टिकली मात्र नाही. दिवे लावणारी कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या उजेडावर आलं. फारसं कुणाचं अडलं नसावं. उंच छपराच्या त्या इमारतीत दिवसा वरून उजेड येतो आणि हवा खेळती राहते. १९०५ नंतर ट्रामवाल्या कंपनीची वीज शहरात पसरली, १९१५ला खोपोलीत पाण्यावर वीज तयार होऊ लागली, १९४७ला ती ट्रामवाली कंपनी, म्हणजे 'बेस्ट', महापालिकेकडे आली.

दुकानांतला खरा बदल एसी आणि हॅलोजनने केला. दादरला साडीच्या दुकानात बायका अजूनही साडी दारापर्यंत आणून उजेडात रंग पाहतात, आणि तरी डोक्यावर पूर्वी पन्नास-पन्नास वॉटचे हॅलोजन दिवे दिवसभर तापत असत. ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा एसी. म्हणजे एकाच दिव्याचे पैसे दोनदा. एलईडी आले तेव्हा बिल उतरलं ते या दोन्ही बाजूंनी.

१९९९मध्ये ताडदेवला क्रॉसरोड्स उघडलं आणि मुंबईला मॉल कळला. पुढे लोअर परळच्या गिरणीच्या आवारातही मॉल आला. गंमत अशी की कापडगिरण्यांच्या करवती छपरांतून उत्तरेचा उजेड आत यायचा; मॉल मात्र चहूबाजूंनी बंद पेटी. सगळा भार चिलरवर, म्हणजे पाणी गार करून मॉलभर गारवा पुरवणाऱ्या यंत्रावर.

कायदा मागून आला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा, इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ची, तीही मुख्यतः नव्या इमारतींपुरती. सुरुवातीला ती लागू व्हायची किमान ५०० किलोवॉट जोडभाराला, म्हणजे इमारतीत जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या एकूण भाराला. २०१०च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आली. दादरच्या रानडे रोडवरचं जुनं दुकान या जाळ्यात येतच नाही.

मॉलमधलं दुखणं मला वेगळंच वाटतं. गाळ्यातल्या दिव्यांचा मीटर गाळेदाराचा, पण चिलरचं बिल बहुतेकदा मेंटेनन्समधून चौरस फुटांवर वाटलं जातं. एकाने तापणारे दिवे लावले, दार सताड उघडं ठेवलं, तर त्याच्या गारव्याचा खर्च शेजारीही भरतो. मग काटकसर कोण करील? म्हणूनच काही ठिकाणी आता गाळ्यागणिक बीटीयू मीटर बसतात. थंड पाणी किती आलं आणि किती तापून परत गेलं, यावरून कुणी किती गारवा घेतला ते त्यात मोजलं जातं, आणि बिल त्याच्याच नावावर फाटतं.