ध्येयविधान, सॉफ्टवेअर प्रकल्पाचे

सॉफ्टवेअर कोणासाठी, त्यांची कोणती अडचण दूर करण्यासाठी आणि हाताशी असलेल्या पर्यायापेक्षा वेगळे काय देण्यासाठी बनवायचे, हे दोन-चार वाक्यांत सांगणारा मजकूर. आयटीत त्याला सर्रास व्हिजन स्टेटमेंट म्हणतात. तंत्रज्ञान-विपणनावर लिहिणारे अमेरिकी लेखक जेफ्री मूर यांनी १९९१ मध्ये मांडलेला ‘कोणासाठी, कोणती गरज, कोणता लाभ, कोणापेक्षा वेगळे’ हा साचा बराच प्रचलित आहे.

बडोद्याचे उदाहरण घेऊ. तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून गावोगावी ग्रंथालये उभी केली. तिथल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाला आता संगणकीय सूची हवी आहे, असे समजू. ‘अत्याधुनिक, सर्वसमावेशक, वापरण्यास सुलभ प्रणाली’ या विधानाला कोणीच हरकत घेणार नाही, आणि नेमके म्हणूनच ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहावे: ‘घरी मराठी बोलणाऱ्या, पण गुजराती शाळेत शिकलेल्या वाचकाला मराठी पुस्तक गुजराती लिपीत टाइप करूनही सापडावे, आजच्या कार्डसूचीत ते सापडत नाही.’

या एका वाक्यातून बरेच काम ठरते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी ‘क’ आणि गुजराती ‘क’ यांचे संकेतांक वेगळे असल्याने साधा शोध इथे हात टेकतो. लिप्यंतर हा प्रणालीचा गाभाच होतो. मराठीत ‘कवी’ दीर्घ, गुजरातीत ऱ्हस्व. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मराठी पुस्तकांवरही ‘कवि’ आढळते. म्हणजे शोधताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडावा लागतो. उलट विलंबशुल्काचा हिशेब, ई-पुस्तके, मोबाइल ॲप या मागण्या कितीही रास्त असल्या तरी पहिल्या टप्प्याबाहेर राहतात. नकार देण्याचे हे बळ ज्या विधानात नाही, ते लिहिण्यात वेळ घालवू नये.

प्रोग्रामिंगची भाषा, डेटाबेस, मुदत यांचा उल्लेख विधानात नसावा. मसुदा लिहिताना काउंटरवर बसणारा ग्रंथालय कर्मचारी सोबत हवाच; वाचक रिकाम्या हाताने का परततो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. लिहून झाल्यावर तो मसुदा दोन प्रोग्रामरना वेगवेगळा वाचायला द्यावा आणि एखाद्या नव्या मागणीवर दोघांचे मत विचारावे. उत्तरे जुळली नाहीत, तर वाक्य अजून धूसर आहे. वाचकवर्ग किंवा त्याची अडचण बदलली की विधान बदलते. पैसे कमी पडले म्हणून मात्र ते बदलू नये, अशा वेळी कामाची व्याप्ती कमी करावी.