खदानीतलं ब्लास्टिंग की भूकंप?

वणी-घुग्गुस पट्ट्यात खिडक्या खडखडल्या तरी कुणी हातातला चहा खाली ठेवत नाही. कोळसा खदानीतलं ब्लास्टिंग नेहमीचंच. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी मात्र लोक घराबाहेर आले. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि गडचिरोली, चंद्रपूरसकट नागपूरपर्यंत तो जाणवला.

माणसाला दोन्ही हादरे सारखेच वाटतात, भूकंपमापकाला नाही. स्फोट खडकाला चहूबाजूंनी बाहेर रेटतो, त्यामुळे आधी पोहोचणारी पी-लहर ठळक उमटते आणि मागून येणारी एस-लहर बहुधा मलूल असते. भूकंपात खडक भेगेवर एकमेकांना घासत सरकतात. तिथे एस-लहर जोरात येते. या दोन लहरींमधल्या सेकंदांना आठने गुणलं, की केंद्र साधारण किती किलोमीटरवर आहे ते कळतं. मुलुगूचं केंद्र नागपूरहून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, म्हणजे नागपुरात या दोन लहरी चाळीसेक सेकंदांच्या फरकाने पोहोचतात.

जुनी यंत्रं एक तर जलद थरथर टिपत, नाहीतर संथ हेलकावे. ब्रॉडबँड यंत्र दोन्ही टिपतं: सेकंदाला पन्नास कंपनांपासून दोन मिनिटांत एकदा होणाऱ्या हेलकाव्यापर्यंत. आतलं वजन हलू लागलं, की विद्युतप्रवाह त्याला जागेवरच रोखून धरतो. त्यासाठी किती प्रवाह लागला, तीच नोंद.

एवढं नाजूक यंत्र कुठे ठेवायचं, हीच खरी डोकेदुखी. आपली काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर यंत्र ठेवलं तर ते कणभर कलतं आणि तो कल संथ लहरींच्या नोंदीत घुसतो. म्हणून माती काढून खाली पक्का खडक गाठायचा, त्यावर चौथरा बांधायचा, आणि तोही विहिरीवरच्या मोटारपंपापासून, ट्रकच्या रस्त्यापासून लांब. तापमान बदललं तरी नोंद बिघडते, म्हणून वरून जाड आच्छादन.

जीपीएसच्या घड्याळाने वेळ लावलेली नोंद उपग्रहामार्फत दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्रात सतत जात राहते. निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी जुळवल्या, की काही मिनिटांत केंद्र, खोली आणि तीव्रता जाहीर होते. 'आज रात्री मोठा झटका येणार' हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज मात्र यातल्या कुठल्याच यंत्रातून आलेला नसतो. भूकंपाची वेळ आधी सांगणारं यंत्र अजून जगात कुठेच नाही.