एसेम जोशी : लोकमत आणि सत्ता

श्रीधर महादेव जोशी म्हणजे आपले एसेम (१९०४-१९८९). जन्म जुन्नरचा, राजकारण सगळं पुण्याचं, पक्के समाजवादी. आयुष्यभर राजकारण करूनही हा माणूस कधी मंत्री झाला नाही, आणि लोकमत नि सत्ता याबद्दल त्यांना काय वाटायचं ते भाषणांपेक्षा त्यांच्या वागण्यातूनच जास्त कळतं.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात मुंबईसह मराठी राज्य मागणारी संयुक्त महाराष्ट्र समिती झाली आणि एसेम तिचे सरचिटणीस. कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, प्रजासमाजवादी, रिपब्लिकन असे एकमेकांशी न पटणारे लोक एका मांडवात टिकवायचे म्हणजे खायचं काम नव्हतं. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा, दिल्ली ही मागणी मानत नव्हती म्हणून, समितीने काळी निशाणं दाखवायचं ठरवलं. चळवळीत शंभरावर हुतात्मे झालेले, लोक पेटलेले, एक दगड जरी भिरकावला गेला असता तरी सगळी चळवळ बदनाम झाली असती, पण निदर्शनं शांततेत झाली. मला वाटतं एसेमचं सगळं राजकारण या एका दिवसात दिसतं, लोकमताची ताकद सत्तेला दाखवायची पण त्या ताकदीचा झुंडीसारखा वापर होऊ द्यायचा नाही. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं.

पण लोकमत म्हणजे लोक म्हणतील ते, असं त्यांनी कधीच मानलं नाही. १९२९ मध्ये अस्पृश्यांना पुण्यातल्या पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहात सनातन्यांचा मार खाल्ला तेव्हा पुण्यातलं वजनदार मत विरोधातच होतं. म्हातारपणी तर त्याहून अवघड वेळ आली. १९७८ च्या जुलैमध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार आलं, त्यात जनता पक्ष होता आणि एसेम पक्षातले ज्येष्ठ. त्याच महिन्यात विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. सरकारने पाय मागे घेतला, एसेमनी नाही. नामांतराची बाजू मांडायला ते तिकडे गेले तर ज्यांच्यासाठी मराठी राज्य मागितलं त्याच लोकांतल्या काहींनी त्यांच्या गळ्यात चपलांचा हार घातला. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगावर खादी आणि गळ्यात चपला! तरी नामांतराची मागणी त्यांनी सोडली नाही. विद्यापीठाचा नामविस्तार, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडणं, झाला १४ जानेवारी १९९४ ला, एसेम जाऊन तेव्हा पावणेपाच वर्षं झाली होती.