दोरी ओढून हात दुखले? इंजिनाला दोष देण्याआधी कार्ब्युरेटर उघडा
(पॉवर विडर, पाण्याचा पंप आणि फवारणीच्या एचटीपी पंपाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की आमच्या दुकानासमोर टेम्पो, छोटा हत्ती, कधी ट्रॉलीसुद्धा लागते. वर पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप नाहीतर तण काढायचा विडर आणि सोबत एकच प्रश्न, "इंजिन गेलं का वो?" इंजिन सहसा गेलेलं नसतं. यंत्र चार महिने गोठ्यात उभं होतं, टाकीत पेट्रोल तसंच राहिलं आणि कार्ब्युरेटरमधलं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागातलं, सुईच्या टोकाएवढं भोक बुजलं, एवढीच गोष्ट असते. ते साफ करायला आम्हाला पाऊण तास लागतो. तुम्हाला पहिल्यांदा दोन तास लागतील, पण तासगावहून किंवा जतहून यंत्र इथवर आणायचं भाडं वाचेल आणि फवारणीचा दिवस हुकणार नाही.

हे पत्रक छापतोय म्हटल्यावर शेजारच्या दुकानदाराने विचारलं, सगळंच सांगून टाकलंत तर धंदा कसा चालणार? छाटणीच्या दिवसांत आमच्याकडे रांग एवढी असते की साध्या सफाईची यंत्रं घरीच सुरू झाली तर आम्हालाच बरं.

पेट्रोलचं नेमकं काय होतं

पेट्रोल टिकत नाही. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे पिवळट, चिकट थर राहतो. वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. २०२२ च्या मध्यापर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं होतं, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. यातलं बरंचसं इथेनॉल आपल्याच उसातून, आपल्याच कारखान्यांतून जातं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा आमचा विचार नाही. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल साठून राहत नाही, म्हणून तिथे हा त्रास दिसत नाही. उभ्या यंत्रात मात्र इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ओलावा जास्त झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. कार्ब्युरेटरच्या खाली पेट्रोल साठवणारी वाटी असते. तिचा तळ म्हणजे बरोबर मेन जेटची, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याची, जागा. वाटी उघडल्यावर आत पांढरी पावडर, पितळेवर हिरवट डाग दिसले तर समजा की पाणी बसलं होतं. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या यंत्रात हे हमखास दिसतं.

पाना हातात घेण्याआधी

चोक ओढून यंत्र सुरू होतं आणि चोक आत ढकलला की बंद पडतं, तर दोष जवळजवळ नक्की जेटचा. चोक हवा कमी करतो, म्हणून कमी येणारं पेट्रोलसुद्धा तेवढ्यापुरतं पुरतं. चोक काढला की हवा पूर्ण येते आणि इंजिन उपाशी राहतं. रेस आपोआप वरखाली होत असेल, म्हणजे गुर्र करून चढते, पडते, पुन्हा चढते, तर तेही याच आजाराचं लक्षण. काहीच होत नसेल तर आधी टाकीत ताजं पेट्रोल टाका, कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) उघडा आहे ना बघा, प्लग काढून पुसा, एअर फिल्टर झटका. मग वाटीच्या खालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करा. तिथून पेट्रोल धारेने आलं तर टाकीपासून वाटीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर बहुधा कॉकची जाळी किंवा पाइप तुंबलाय. मग आधी ते मोकळं करा, कार्ब्युरेटरला हात नंतर.

यंत्र वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि बिलावरच्या नंबरावर फोन करा.

काम कुठे करायचं, हे महत्त्वाचं. अंगणात, झाडाखाली, वारा असेल तिथे करा. स्वयंपाकघरात नको, देवघराच्या दिव्याजवळ नको, आणि बिडी खिशातच राहू दे. इंजिन पूर्ण गार झालेलं हवं. कॉक बंद करा, प्लगची टोपी काढून ठेवा. खाली जुनी पांढरी चादर पसरा आणि मोठी परात घ्या. सुटे भाग सगळे परातीतच ठेवायचे. कारण यातली स्प्रिंग एकदा मातीत पडली की ती शोधण्यात संध्याकाळ होते.

अर्धं काम न उतरवताच

साडेपाच हॉर्सपॉवरच्या आसपासच्या फोर स्ट्रोक इंजिनांवर वाटी एकाच बोल्टने बसवलेली असते. दहाचा पाना पुरतो. खाली स्टीलची वाटी धरा, बोल्ट काढा, कार्ब्युरेटरची वाटी हातात येईल. पुष्कळदा सगळी घाण तिथेच साचलेली असते. वर मध्यभागी दिसतो तो पितळी तुकडा म्हणजे मेन जेट. त्याच्या खाचेत घट्ट बसेल असाच सपाट स्क्रू ड्रायव्हर घ्या. बारीक टोकाचा घेतलात तर पितळेची खाच खाल्ली जाते, आणि मग तो जेट आमच्याकडेही सहज निघत नाही. जेट निघाल्यावर त्याच्या वरची बारीक भोकांची नळीही खाली सरकते. ती निघाली तर छान, भोकं मोजून सगळी मोकळी करा.

जेट आभाळाकडे धरून एका डोळ्याने बघा. मधोमध उजेडाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर भोक अजून अर्धं बुजलेलंच आहे.

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो, आणि ती आम्हीच केलेली आहे. दुकान नवीन होतं तेव्हा एका गिऱ्हाइकाची घाई बघून मी जेटमध्ये गोधडीची सुई घातली. भोक मोकळं झालं, यंत्र सुरू झालं, तो माणूस खूश होऊन गेला. आठ दिवसांनी परत आला. सायलेन्सरमधून काळा धूर, प्लग काजळीने भरलेला, टाकी दुपारीच रिकामी. पोलादी सुईने मऊ पितळेचं भोक मोठं झालं होतं. नवा जेट मी पदरचा दिला. तेव्हापासून दुकानात एकच पद्धत आहे, विजेच्या बारीक वायरीतली एक तांब्याची तार. तीही फक्त चिकटलेला थर सोडवण्यापुरती, आत खुपसून फिरवायची नाही. त्याआधी जेट ताज्या पेट्रोलमध्ये रात्रभर भिजू दिला तर तारेची गरजही पडत नाही.

कार्ब्युरेटर उतरवायचा असेल तर

वाटी आणि मेन जेट साफ करूनही रेस वरखाली होत असेल तर पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल देणारा छोटा जेट) बुजलाय, आणि त्यासाठी पूर्ण कार्ब्युरेटर उतरवणं सोयीचं. आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. गव्हर्नरची (रेस सांभाळणाऱ्या भागाची) सळई कुठल्या भोकात, बारीक स्प्रिंग कुठल्या बाजूला, हे फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. "माझ्या लक्षात राहील" म्हणणाऱ्यांची यंत्रं आमच्याकडे पिशवीतून येतात. मग एअर फिल्टरची डबी काढा, पेट्रोलचा पाइप सोडवा, आणि कार्ब्युरेटर दोन स्टडवरून अलगद बाहेर ओढा. मागे पॅकिंग आणि जाडसर काळा तुकडा असतो. कुठलं आधी, कुठलं नंतर, आणि त्यांची भोकं कोणत्या बाजूला, तेही फोटोत घ्या. पॅकिंग उलटं बसलं तर हवेचा रस्ता बंद होतो आणि सगळी सफाई वाया जाते.

या इंजिनांवर पायलट जेट बहुधा वरच्या बाजूला असतो, रेसच्या स्क्रूच्या खाली, काळ्या प्लॅस्टिकच्या डोक्याचा. रेसचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे आत होता ते मोजून कागदावर लिहा. त्याचं भोक मेन जेटपेक्षाही बारीक असतं. सगळ्यात आधी बुजतं ते हेच. एअर स्क्रू वेगळा असेल तर तो आधी हलक्या हाताने आत फिरवा, टेकेपर्यंत किती फेरे झाले ते लिहा, मगच बाहेर काढा. बसवताना तेवढेच फेरे.

फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा तुकडा) काढताना त्याची पिन एका बाजूने हळूच ढकला. फ्लोटबरोबर छोटी रबरी टोकाची सुई येते, ती पेट्रोल थांबवते. तिच्या टोकावर गोल रेघ उमटली असेल तर नवी घ्या. हा पैसे वाचवायचा भाग नाही.

बॉडीच्या भोकांत कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारायचा. डोळ्यावर चष्मा पाहिजेच, कारण एका भोकात मारलेली धार दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येते. आमच्या पोराला याचा अनुभव आहे. रबरी रिंगा आणि सुई बाजूला ठेवा, स्प्रेने रबर फुगतं. मग हवा मारा. कंप्रेसर नसेल तर सायकलचा पंप पुरतो. फ्लोट आत असताना मात्र जोराची हवा कधीच मारू नका. आणखी एक विनंती. तांब्याची भांडी चिंचेने लख्ख होतात म्हणून कार्ब्युरेटर चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात घालू नका. पितळी जेट चमकेल, पण बॉडी पितळेची नसते, आंबट पाण्याने ती खाल्ली जाते.

जोडताना

काढलं त्याच्या उलट क्रमाने बसवा, पण वाटीवर शेवटचा बोल्ट टाकण्याआधी एक परीक्षा घ्या. कार्ब्युरेटर नेहमीसारखा धरून पेट्रोलच्या नळीत तोंडाने हलकेच फुंका, हवा जाईल. आता उलटा धरून फुंका, हवा थांबली पाहिजे. थांबली नाही तर सुई नीट बसलेली नाही. वाटीची रबरी रिंग खाचेत बसलीय ना हे बोट फिरवून बघा. बोल्ट हाताने लावून मग पान्याने पाव फेरा, जास्त नाही. बॉडी मऊ धातूची असते. आटे गेले तर सफाईचं काम नव्या कार्ब्युरेटरच्या खर्चावर जातं.

ताजं पेट्रोल टाका, कॉक उघडा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. थेंब पडत नसेल तरच दोरी ओढा. आणि त्याआधी इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. सुई गळत होती, तर पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं. ऑइलची पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा, असं दिसलं तर ऑइल बदलल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही. साधारण ६०० मिलि लागतं. पातळ ऑइलवर चालवलेलं इंजिन खरंच जातं, तिथे मग आमचाही इलाज नाही.

गवत कापायच्या मशीनचं वेगळं आहे. ब्रश कटरच्या कार्ब्युरेटरला वाटी आणि फ्लोट नसतो, आत पातळ पडदे असतात. पडदा कडक झाला की साफ करून उपयोग नाही, पडद्यांचा संच बदलावा लागतो. ते काम पहिल्यांदाच घरी करू नका.

नदीकाठच्या ग्राहकांसाठी दोन ओळी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुरानंतर गाळाने भरलेली यंत्रं आमच्याकडे आली. त्यातली जी लोकांनी घरी दोरी ओढून बघितली होती, त्यांचं नुकसान जास्त झालं, कारण गाळ कार्ब्युरेटरमधून सिलिंडरमध्ये ओढला गेला. पाण्यात बुडालेल्या यंत्राची दोरी ओढू नका, तसंच आणा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की जनावरांबरोबर यंत्रही वर हलवा.

यंत्र ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग वाटीचा निचऱ्याचा स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढा. महिन्याच्या वर यंत्र लागणार नसेल तर टाकीही रिकामी करा. ते पेट्रोल मोटारसायकलमध्ये घाला, वाया जात नाही. शेवटी दोरी हळू ओढून जड लागेल तिथे सोडा, म्हणजे वॉल्व्ह बंद राहतात आणि ओल आत जात नाही.

सगळं करून जमलं नाही, तर अख्खं यंत्र आणू नका. कार्ब्युरेटर, जुनं पॅकिंग आणि मोबाइलमधले फोटो घेऊन एसटीने या. सुटे भाग डब्यात घालून आणा. पिशवीत नको.